आभासी पृथ्वीगोलावरून अवकाशस्थळांचा अभ्यास कसा करावा

संगणकावरचा पृथ्वीगोल बहुतेकांनी एकदा तरी फिरवून पाहिलेला असतो. आपले घर शोधायचे, दोन-चार प्रसिद्ध ठिकाणे पाहायची आणि खिडकी बंद करायची, एवढ्यावर तो वापर बहुधा थांबतो. याच गोलावर रॉकेटे उडतात ते तळ, अवकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणी, उल्कापाताने पडलेली विवरे आणि गोल बदलला तर चंद्र व मंगळावरची यानेसुद्धा पाहता येतात. मात्र नुसते पाहण्याने फारसे काही हाती लागत नाही. एखाद्या ठिकाणी गेल्यावर काहीतरी मोजावे, चित्राची तारीख पाहावी आणि मिळालेला आकडा ठाऊक असलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. असे केले की हे सॉफ्टवेअर चित्रसंग्रह न राहता अभ्यासाचे साधन होते. पुढची सगळी मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

कोणते सॉफ्टवेअर आणि कोणती मांडणी

या लेखातील कृती मुख्यतः गूगल अर्थ प्रोच्या डेस्कटॉप आवृत्तीवर करायच्या आहेत. ही आवृत्ती २०१५ पासून मोफत मिळते. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती दिसायला अधिक सफाईदार असली, तरी चंद्र, मंगळ आणि आकाश हे वेगळे गोल डेस्कटॉप आवृत्तीतच आहेत, म्हणून तीच उतरवून घ्यावी. चंद्र आणि मंगळ अधिक खोलात पाहायचे असतील तर नासाची मून ट्रेक आणि मार्स ट्रेक ही संकेतस्थळे जोडीला ठेवावीत. ती ब्राउझरमध्येच चालतात.

सॉफ्टवेअर सुरू केल्यावर लगेच भटकायला निघू नये. आधी 'टूल्स' मेनूतील 'ऑप्शन्स' उघडून '३डी व्ह्यू' या पानावर तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. अक्षांश-रेखांश दाखवण्याची पद्धत 'डेसिमल डिग्रीज' करावी, कारण पुढचे सगळे आकडे दशांश अंशांत आहेत. मोजमापाचे एकक मीटर-किलोमीटर करावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा राहून जाते: 'एलिव्हेशन एक्झॅजरेशन' म्हणजे उंचीचा फुगवटा १ वर आहे याची खात्री करावी. तो २ किंवा ३ वर असला तर साधी टेकडी कड्यासारखी दिसते आणि चंद्रावरचे सौम्य उतार भयंकर वाटू लागतात.

कोणत्याही ठिकाणी जाण्यासाठी शोधपेटीत आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश असे टाइप करावे. या लेखात आकडे देवनागरीत छापले असले तरी शोधपेटीत ते इंग्रजी अंकांत टाकावेत. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश यांच्याआधी उणे चिन्ह लागते. पश्चिमेचे उणे चिन्ह विसरले तर फ्लोरिडाऐवजी थेट हिमालयाच्या परिसरात जाऊन पोहोचतो. कळपाटीवरच्या तीन कळाही लक्षात ठेवाव्यात: 'एन' दाबली की उत्तर दिशा वर येते, 'यू' दाबली की दृश्य सरळ वरून दिसते आणि 'आर' दाबली की दोन्ही एकदम होते. दृश्य तिरपे करण्यासाठी शिफ्ट धरून माउसचे चाक फिरवावे.

पहिला मुक्काम : केनेडी अवकाश केंद्र

सुरुवात अमेरिकेच्या फ्लोरिडातील या केंद्रापासूनच करावी, कारण इथले जवळपास सगळे मोठे बांधकाम वरून स्पष्ट ओळखू येते आणि त्याची मापे प्रसिद्ध आहेत. शोधपेटीत २८.६१५, -८०.६९४ टाकले की जंगल आणि पाणथळीच्या मधोमध एक लांबलचक धावपट्टी दिसते. स्पेस शटल परतल्यावर जिथे उतरत असे ती हीच. तिची लांबी ४,५७२ मीटर आहे. वरच्या पट्टीतील मोजपट्टीचे चिन्ह दाबून 'लाइन' निवडावी आणि धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढावी. उत्तर ४.५७ किलोमीटरच्या आसपास आले म्हणजे आपला हात आणि मोजपट्टी दोन्ही ठीक आहेत. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना तिचाच पुढे गेलेला फरसबंद भाग असतो आणि तो रेघेत धरला गेला तर आकडा फुगतो. अशी चूक इथेच लक्षात आली तर पुढची मोजमापे सुधारतात.

आता २८.५८६१, -८०.६५११ येथे जावे. दिसणारी प्रचंड चौकोनी इमारत म्हणजे व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग. रॉकेट उभे जोडता यावे म्हणून ती १६० मीटर उंच बांधलेली आहे. डाव्या बाजूच्या थरांच्या ('लेयर्स') यादीत '३डी बिल्डिंग्ज' वर खूण केली की ती जमिनीतून उठून उभी राहते. दृश्य तिरपे करून तिच्याभोवती एक फेरी मारावी. इमारतीपासून पूर्वेकडे निघालेला, मधे हिरवी पट्टी असलेला रुंद दुपदरी रस्ता म्हणजे क्रॉलरवे. रॉकेट वाहून नेणारी साखळी-चाकांची महाकाय गाडी याच रस्त्याने जाते. तिच्या वजनाखाली डांबर टिकणार नाही म्हणून वर नदीतली गोटी पसरलेली आहे, आणि रस्त्याचा फिकट रंग त्या गोट्यांमुळेच दिसतो.

मोजपट्टीत 'पाथ' निवडून इमारतीपासून प्रक्षेपणमंच ३९ए पर्यंत, म्हणजे २८.६०८३, -८०.६०४१ पर्यंत, रस्त्याच्या मधोमध बिंदू टाकत जावे. अंतर साडेपाच किलोमीटरच्या आसपास येईल. भरलेल्या गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे १.६ किलोमीटर असल्याने एवढ्या अंतराला कमीतकमी साडेतीन तास लागणार, हे गणित तिथेच सुटते. प्रत्यक्षात वळणे आणि मंचाचा चढ यांमुळे याहून बराच अधिक वेळ जात असे. त्या चढाकडेही बारकाईने पाहावे. संपूर्ण परिसर समुद्रसपाटीचा असताना मंच मात्र उंचवट्यावर आहे आणि रस्ता शेवटच्या टप्प्यात त्यावर चढतो. मंचाच्या मधोमध जी खोल चीर दिसते ती रॉकेटच्या ज्वाळा बाजूला वळवण्यासाठी केलेला चर आहे.

अपोलो ११ हे १६ जुलै १९६९ रोजी याच ३९ए वरून निघाले. तेथून वायव्येला पावणेतीन किलोमीटरांच्या आत ३९बी आहे (२८.६२७२, -८०.६२०८) आणि आर्टेमिस १ ही मोहीम १६ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथून सुटली. दोन्ही मंच एकाच साच्याचे असले तरी आज त्यांच्यावरची बांधकामे निराळी आहेत. हा फरक केव्हा पडला ते पाहण्यासाठी वरच्या पट्टीतील घड्याळाचे चिन्ह दाबून जुनी उपग्रहचित्रे उघडावीत आणि सरकपट्टी हळूहळू मागे न्यावी. शटलच्या काळातले उभे मनोरे एकेका चित्रात येताना-जाताना दिसतात.

उभे रॉकेट आणि आडवे रॉकेट

केनेडीनंतर लगेच कझाकस्तानातील बैकोनूर हा तळ पाहावा. ४५.९२०, ६३.३४२ येथे युरी गागारिन यांचे यान १२ एप्रिल १९६१ रोजी सुटले तो मंच आहे. त्याआधी ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिकही इथूनच गेला होता. मंचाच्या एका बाजूला जमीन खोल खणून केलेला ज्वाळांचा खड्डा आहे. दृश्य थोडे वर नेले की मंचापर्यंत येणारा लोहमार्ग दिसतो. त्या लोहमार्गाचा माग मागे-मागे घेत गेल्यास आपण जोडणीच्या इमारतींपाशी पोहोचतो. सोयूझ रॉकेट आडवे जोडले जाते, रेल्वेने आडवेच येते आणि मंचावर आल्यावर उभे केले जाते. म्हणूनच इथे १६० मीटर उंचीची इमारत नाही आणि रुंद गोट्यांचा रस्ताही नाही. अभियांत्रिकीतली दोन निरनिराळी वळणे जमिनीवर किती वेगळ्या खुणा सोडतात, हे या दोन तळांच्या तुलनेइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

इथेच आणखी एक छोटा अभ्यास करून घ्यावा. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गियानातील कुरू येथील गियाना अवकाश केंद्र (५.२३९, -५२.७६८), श्रीहरिकोटा (१३.७२, ८०.२३), केनेडी आणि बैकोनूर या चारही ठिकाणी 'ॲड' मेनूतून स्थळखुणा लावाव्यात आणि गोल दूर नेऊन त्यांचे अक्षांश पाहावेत. पृथ्वीच्या परिवलनाने विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे सरकते आणि हा वेग अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे कुरूला सुमारे ४६३, श्रीहरिकोट्याला ४५२, केनेडीला ४०८ आणि बैकोनूरला ३२४ मीटर प्रतिसेकंद वेग आयताच मिळतो. आता प्रत्येक खुणेपासून पूर्वेकडे हजार किलोमीटरची रेघ ओढावी. पहिल्या तिन्हींची रेघ समुद्रावर जाते, बैकोनूरची जमिनीवरच राहते. रॉकेटचे वापरून झालेले टप्पे कुठे पडतात याचे उत्तर त्या रेघेतच आहे.

दुर्बिणी आणि काळाची सरकपट्टी

जुन्या चित्रांची सोय सर्वांत उपयोगी पडते ती दुर्बिणींच्या बाबतीत. पोर्तो रिकोतील आरेसिबो येथे (१८.३४४२, -६६.७५२८) डोंगरांमधल्या खळग्यात ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९६३ पासून उभी होती. तिच्या तबकडीवर सुमारे ९०० टनांचा त्रिकोणी सांगाडा तारांनी टांगलेला होता. २०२० च्या ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये दोन तारा निकामी झाल्या आणि १ डिसेंबर २०२० रोजी सांगाडा तबकडीवर कोसळला. सरकपट्टी त्या तारखेच्या आधी न्यावी: अखंड वर्तुळ, त्यावर टांगलेला त्रिकोण आणि त्रिकोणाची तबकडीवर पडलेली सावली दिसते. मग पलीकडे न्यावी. हे दृश्य पाहणे सोपे नाही, पण एका नोंदीमागचा अर्थ ते ज्या प्रकारे पोहोचवते तसे शब्दांना जमत नाही.

न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरे (३४.०७८७, -१०७.६१८४) येथे सरकपट्टी वेगळ्या कारणासाठी वापरावी. प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातल्या तीन लोहमार्गांवर मांडलेल्या आहेत आणि त्या ठरावीक काळाने हलवल्या जातात. कधी त्या सगळ्या एक किलोमीटरच्या आत एकवटतात, तर कधी दोन तबकड्यांमधले सर्वाधिक अंतर ३६ किलोमीटरपर्यंत जाते. वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत मध्यबिंदूपासून सर्वांत दूरच्या तबकडीपर्यंतचे अंतर मोजावे. दुर्बीण त्या वेळी कोणत्या मांडणीत होती ते आपले आपल्यालाच काढता येते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. खाली दिसणारी तारीख पडद्याच्या मध्यावरच्या चित्राची असते, आणि मोठ्या परिसरात दोन वेगळ्या दिवसांची चित्रे शेजारी-शेजारी जोडलेली असू शकतात. सांध्याची रेघ, एकाएकी बदललेला जमिनीचा रंग किंवा उलट्या दिशेने पडलेल्या सावल्या दिसल्या तर ते मोजमाप सोडून द्यावे.

चंद्राकडे जाण्याआधी एक विवर

चंद्रावरची विवरे समजून घ्यायची तर आधी पृथ्वीवरचे एक विवर हाताळावे. ॲरिझोनातील मीटिअर क्रेटर (३५.०२७२, -१११.०२२५) सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचे आहे आणि अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे भूशास्त्राचे प्रशिक्षण घेतले होते. 'ॲड' मेनूतून 'पाथ' घेऊन विवराच्या आरपार, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर बाहेर जाईल अशी सरळ रेघ ओढून ती साठवावी. मग डाव्या यादीत तिच्यावर उजवी कळ दाबून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडावे. खाली उंचीचा आलेख उघडतो. त्यात व्यास सुमारे १.२ किलोमीटर, खोली सुमारे १७० मीटर आणि काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उचललेला दिसतो. आघाताने बाहेर फेकलेला आणि उलटलेला खडक काठावर साचला म्हणून तो उंच आहे. नदीने कोरलेल्या किंवा खचलेल्या खळग्याला असा काठ नसतो. आलेखावर माउस फिरवला की त्या-त्या जागी नकाशावर बाण सरकतो, त्यामुळे आकडा आणि दृश्य यांची सांगड लगेच बसते.

चंद्र

वरच्या पट्टीतील ग्रहाच्या चिन्हावर, किंवा 'व्ह्यू' मेनूतील 'एक्सप्लोर' मध्ये 'मून' निवडले की गोल बदलतो. हा भाग २० जुलै २००९ रोजी, पहिल्या चांद्रावतरणाच्या चाळिसाव्या वर्षी, खुला झाला. प्रथम मोजपट्टी पारखून घ्यावी. कोपर्निकस विवराचा (९.६२, -२०.०८) व्यास सुमारे ९३ किलोमीटर आहे. मोजल्यावर याच्या जवळपासचा आकडा आला तर मोजपट्टी चंद्राच्या त्रिज्येने चालते आहे. साडेतीन पटींहून मोठा आला तर ती पृथ्वीच्या त्रिज्येने मोजते आहे असे समजावे आणि प्रत्येक उत्तराला ३.६७ ने भागावे.

थरांच्या यादीत अपोलो मोहिमांचा संच आहे. अपोलो ११ चे स्थान ०.६७४१, २३.४७३० आहे. इथे चंद्रावर उतरलेल्या यानाचे त्रिमितीय प्रारूप, छायाचित्रे आणि सभोवारची दृश्ये सापडतात. मार्गदर्शित सफरींमध्ये अपोलो ११ विषयी बझ ऑल्ड्रिन आणि अपोलो १७ विषयी हॅरिसन श्मिट हे त्या-त्या मोहिमेतले अंतराळवीर स्वतः माहिती देतात. प्रारूप पाहून मात्र गैरसमज होऊ देऊ नये. ते तिथे मांडलेले आहे, ते छायाचित्र नाही. मूळ यानाचा खालचा भाग खरोखर पाहायचा असेल तर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनेसन्स ऑर्बिटर या यानाने काढलेली, प्रत्येक ठिपक्यात सुमारे अर्धा मीटर जमीन मावेल इतकी बारीक चित्रे क्विकमॅप या संकेतस्थळावर पाहावीत.

अपोलो ११ चे अंतराळवीर यानापासून सर्वांत दूर गेले ते जेमतेम ६० मीटर. हा आकडा मनात उतरवण्यासाठी पुन्हा पृथ्वीचा गोल लावून ओळखीच्या एखाद्या मैदानावर ६० मीटरची रेघ ओढून पाहावी. त्यानंतर अपोलो १७ च्या दरीत (२०.१९०८, ३०.७७१७) जावे, जिथे गाडीने एकूण सुमारे ३५ किलोमीटर प्रवास झाला. साडेतीन वर्षांत मोहिमांचा आवाका किती वाढला ते या दोन रेघा सांगतात.

चंद्राचे हे थर जुने असल्यामुळे नव्या मोहिमा त्यांत नाहीत, त्या आपण भरायच्या. चंद्रयान-३ चे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले ते स्थान -६९.३७३, ३२.३१९ आहे. तिथे स्थळखूण लावून तिच्या वर्णनात तारीख आणि मोहिमेचे नाव लिहावे. मग तेथून दक्षिण ध्रुवापर्यंत रेघ ओढावी. अंतर सुमारे ६२५ किलोमीटर भरते. 'दक्षिण ध्रुवाजवळ' या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे त्यातून कळते.

मंगळ

मंगळावर पाऊल ठेवताच एक अडचण हमखास येते. शास्त्रीय लेखनात मंगळाचे रेखांश बहुधा ० ते ३६० अंश पूर्व असे देतात, तर हे सॉफ्टवेअर उणे १८० ते अधिक १८० असे मोजते. आकडा १८० पेक्षा मोठा असेल तर त्यातून ३६० वजा करावेत. ऑलिम्पस मॉन्सचे रेखांश २२६.२ पूर्व दिलेले असते, ते इथे -१३३.८ होते, अक्षांश १८.६५ तसेच राहतात. पायथ्याशी सुमारे ६०० किलोमीटर रुंद आणि सुमारे २२ किलोमीटर उंच असलेला हा ज्वालामुखी तिरप्या दृश्यातही अणकुचीदार दिसत नाही, कारण उतार फार सौम्य आहेत. फुगवटा १ वर ठेवण्याचा आग्रह यासाठीच होता.

थरांतील जागतिक नकाशांमध्ये उंचीनुसार रंगवलेला नकाशा निवडावा आणि हेलास या सुमारे २,३०० किलोमीटर रुंद खोलगट प्रदेशावर माउस न्यावा; खालच्या पट्टीत उंची उणे आकड्यात दिसते. मंगळावर समुद्र नसल्याने ही उंची एका ठरवलेल्या संदर्भपातळीपासून मोजलेली असते. ऐतिहासिक नकाशांचा थरही जरूर लावावा. स्किआपारेल्ली आणि लोवेल या जुन्या खगोलशास्त्रज्ञांनी रेखाटलेल्या 'कालव्यां'च्या रेषा आजच्या भूभागावर ठेवून त्यांखाली खरोखर काय आहे ते तपासावे. याच धर्तीवर ४०.७५, -९.४६ येथील टेकडी पाहावी. १९७६ मध्ये व्हायकिंग यानाच्या चित्रात ती मानवी चेहऱ्यासारखी भासली होती. अधिक बारीक चित्रांत आणि वेगळ्या उजेडात चेहरा उरत नाही.

नासाची क्युरिऑसिटी ही चाकांची गाडी उतरली ते गेल विवर -४.५८९५, १३७.४४१७ येथे आहे आणि तशाच पर्सिव्हरन्स गाडीचे जेझेरो विवर १८.४४४७, ७७.४५०८ येथे. जेझेरोच्या पश्चिम काठावर एकेकाळी वाहत्या पाण्याने आणलेल्या गाळाचा, पंख्यासारखा पसरलेला त्रिभुज प्रदेश शोधावा. यान तिथेच का पाठवले ते तो पाहिल्यावर विचारावे लागत नाही.

स्वतःचे प्रारूप उभे करणे

सर्वांत सोपे प्रारूप कोणत्याही वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय होते. पृथ्वीच्या गोलावर ३९ए च्या मध्यावर जाऊन 'ॲड' मधून 'पॉलिगॉन' घ्यावा आणि सुमारे १० मीटर व्यासाच्या वर्तुळावर आठ-दहा बिंदू टाकावेत. खिडकी बंद न करता 'अल्टिट्यूड' पानावर 'रिलेटिव्ह टू ग्राउंड' निवडून उंची ११० मीटर द्यावी आणि 'एक्स्टेंड साइड्स टू ग्राउंड' वर खूण करावी. पांढरा रंग देऊन दृश्य तिरपे केले की अपोलो मोहिमांच्या सॅटर्न पाच रॉकेटच्या मापाचा खांब मंचावर उभा राहतो. त्यात बारकावे नाहीत, पण प्रमाण खरे आहे, आणि पश्चिमेला दिसणाऱ्या जोडणीच्या इमारतीशी त्याची तुलना करता येते.

खरेखुरे प्रारूप हवे असेल तर नासाच्या त्रिमितीय संग्रहातून यानाची फाइल मोफत घेता येते. गूगल अर्थ प्रोला मात्र कोलाडा प्रकारची, म्हणजे डीएई फाइल लागते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारची फाइल आधी स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमधून रूपांतरित करून घ्यावी. नंतर 'ॲड' मधील 'मॉडेल' निवडून फाइलचा मार्ग द्यावा. प्रारूप दिसलेच नाही तर ते नाहीसे झाले असे समजू नये. बहुधा एककाचा घोळ असतो. सेंटीमीटरमध्ये बनवलेले यान मीटरमध्ये वाचले गेले तर शंभर पट मोठे होते आणि आपण त्याच्या पोटात असतो. उलट झाले तर ते ठिपक्याएवढे होते. दृश्य खूप दूर नेऊन पाहावे आणि रूपांतराच्या वेळीच एकक दुरुस्त करावे. यान आडवे पडलेले आले तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये उभा अक्ष वेगळा धरलेला असतो, तोही निर्यात करतानाच बदलावा. पृष्ठभागावरची चित्रे न येता यान करडे दिसले तर त्या चित्रांच्या फाइली डीएई फाइलशेजारी मूळ नावानेच आहेत का ते पाहावे.

सगळ्या स्थळखुणा, रेघा आणि प्रारूपे एका फोल्डरमध्ये घेऊन, त्यावर उजवी कळ दाबून 'सेव्ह प्लेस ॲज' ने साठवावीत. पृथ्वी, चंद्र आणि मंगळ यांचे फोल्डर वेगळे ठेवावेत, नाहीतर चंद्राची खूण पृथ्वीवर उघडते आणि अटलांटिक किंवा आफ्रिकेत कुठेतरी जाऊन बसते. प्रारूप असेल तर केएमएलऐवजी केएमझेड प्रकार निवडावा, कारण त्यात प्रारूपाची आणि चित्रांची फाइल एकत्र बांधली जाते. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडावी. तिथे यान रंगांसह, योग्य मापात आणि मंचावर टेकलेले दिसले की ती इतरांना पाठवायला हरकत नाही.